आठव्या दिवशी न सुटलेली फीत

इजिप्तमधल्या नकादाच्या विणकर गल्लीत वनीस नावाचे दोघे आहेत. एक दात काढणारा वनीस आणि दुसरा गाठीचा वनीस. पहिल्याचं नाव कसं पडलं ते सांगायला नको. दुसऱ्याचं नाव ऐकून बाहेरचा माणूस म्हणतो, विणकर आहे, ताण्यातला धागा तुटला की गाठ मारतो, आणि याची गाठ कापडात बोटाला लागत नाही, म्हणून म्हणत असतील. गल्लीतले लोक माना डोलावतात आणि त्याची समजूत तशीच राहू देतात, कारण खरं कारण सांगायला बसलं तर चहाचे दोन ग्लास तरी लागतात आणि शेवटी सांगणाऱ्यालाच ते धड माहीत नसतं.

खरं कारण हलव्याच्या एका पत्र्याच्या डब्यात होतं. डबा वनीसच्या खड्डामागाच्या वरच्या फळीवर असायचा आणि त्यात एक लाल फीत होती, लहान बाळाच्या अंगाभोवती बसेल एवढी, दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली.

आम्हा कॉप्टिक ख्रिस्ती लोकांत मूल बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर आलं, त्याला पवित्र तेल लागलं, की अबूना, म्हणजे आमचे पाळक, त्याच्या खांद्यावरून कमरेपर्यंत लाल फीत तिरपी बांधतात. ती घरच्यांनी सोडायची नाही. हल्ली उपासना संपता संपता तिथंच चर्चमध्ये प्रार्थना म्हणून सोडून टाकतात, कुणाला वेळ नसतो. पूर्वी आठव्या दिवशी सोडत. तोवर बाळाला आंघोळ नाही. आठव्या दिवशी अबूना घरी येत, प्रार्थना म्हणत, आपल्या हातानं फीत सोडत, मग बाळाला परातीत न्हाऊ घालत आणि ते पाणी नदीला नेऊन ओतत. वनीसची फीत सोडली गेलीच नाही. डब्यातली गाठ त्याचा पुरावा होती.

का सोडली गेली नाही, याच्या जितकी तोंडं तितक्या हकिकती. कुणी म्हणे, त्या साली नदीला पूर होता आणि अबूनांची होडी पलीकडंच अडकली. कुणी म्हणे, त्याच्या आईचं आणि अबूनांच्या बायकोचं एका कोंबडीवरून भांडण झालं होतं. कॉफीच्या दुकानातला फानूस तर शपथेवर सांगायचा की अबूना येताना गाढवावरून पडले. वनीसला यातलं काहीच पटत नसे आणि काहीच खोटंही म्हणता येत नसे. त्याची आई, गलीला नाव तिचं, तो पाच-सहा वर्षांचा असताना तापानं गेली. बाप अबोल. त्यानं लग्नाच्या आदल्या दिवशी डबा वनीसच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "तुझी फीत सुटलेली नाही. आई सांगून गेलीय, ही गाठ अबूनांनीच सोडायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." एवढं बोलून तो मागावर जाऊन बसला.

वनीस सरळ माणूस. तो डबा घेऊन तेव्हाच्या अबूनांकडं गेला. ते तापट होते आणि बाजारात उभे होते. त्यांनी फीत उचलून सगळ्यांसमोर उन्हात धरली आणि म्हणाले, "फीत सोडायची प्रार्थना तान्ह्या पोरासाठी आहे, मिशा फुटलेल्या घोड्यासाठी नाही. परातीत मावशील का तू?" बाजार खदखदून हसला. त्या दिवशी नाव पडलं आणि त्या दिवसापासून वनीसनं हा विषय कुठल्याही अबूनांसमोर काढला नाही.

पण माणसाला एकदा वाटलं की आपण बांधलेले आहोत, की त्याला जागोजागी दोर दिसायला लागतात. ताणा सारखा तुटायला लागला, तर फीत. लेक वेरेनाच्या आधीचं मूल पोटातच गेलं, तर फीत. बायको थेरेझा चाळिशीत छातीच्या दुखण्यानं गेली, तेव्हाही वनीसला डॉक्टरांचं एक अक्षर ऐकू आलं नाही, डोळ्यांसमोर फक्त तो डबा होता. त्याच्या मनात एक हिशेब पक्का बसला होता: येशूनं सगळ्यांना मोकळं केलं, पण माझ्या वेळी कुणीतरी शेवटची गाठ सोडायला विसरलं, आणि सैतानाच्या हातात अजून एक टोक आहे.

ते टोक सोडवायला त्यानं काय केलं नाही. आमचे उपास आधीच वर्षाच्या निम्म्याहून जास्त दिवस चालतात, त्यात त्यानं आपले वेगळे घातले. गल्लीत कुणाकडं बदक शिजलं की हा फूलमध्ये, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांत, तेल घालून खात बसायचा. डोंगराकडच्या मठांत अनवाणी जायचा. मेणबत्त्या तर एवढ्या लावल्या की चर्चचा सेवेकरी म्हणायचा, वनीसनं मेणबत्त्या सोडल्या तर मेणवाल्याचं दिवाळं निघेल. उपासनेला तो कधी चुकला नाही, पण बसायचा सगळ्यांच्या मागं, दाराच्या खांबाला टेकून, चपलांच्या शेजारी. आणि तान्ह्या बाळाला त्यानं कधी हात लावला नाही. बांधलेल्या माणसाचा हात लागला तर बाळालाही ते बंधन लागेल, अशी त्याला धास्ती. वेरेना त्याची स्वतःची मुलगी, पण ती चालायला लागेपर्यंत त्यानं तिला उचललं नव्हतं. ती दुडूदुडू येऊन गुडघ्याला मिठी मारायची आणि हा दोन्ही हात वर करून उभा राहायचा, जणू पोलिसांनी पकडलंय. लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं कधी काही वाटलं नाही.

त्या वेरेनाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. नवरा कुवेतला. ती बाळंतपणाला बापाकडं आली होती. मुलगी म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणं बाप्तिस्म्याआधी ऐंशी दिवस थांबायचं होतं, ते संपत आले आणि एका दुपारी तिनं मागाच्या खड्ड्याशी येऊन सांगितलं, "बाबा, बाप्तिस्म्याला मीराला तुम्ही धरायचं."

वनीसचा धोटा थांबला. "मी कशाला? तू आई आहेस. तुझी सासू आहे."

"सासूबाईंच्या हातात कंप आहे. आणि मला तुम्ही हवे आहात."

"माझं तुला माहीत आहे."

"माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे." वेरेनाचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "बाळाला घेऊन पश्चिमेकडं तोंड करून सैतानाला नाकारायचं असतं, बाबा. तुम्ही त्याला एवढं घाबरता, एकदा त्याच्या तोंडावर सांगून बघा की. नाहीतर असं करा, डब्यालाच धरून बसा. मला कधी उचललं नाहीत, आता हिलाही नको."

ती वर निघून गेली. वनीस धागा तुटलेला नसतानाही ताण्यावर बोटं फिरवत बसून राहिला. त्याला वाईट वाटलं आणि रागही आला. त्याला स्वतःसाठी भीती नव्हती. त्याला वाटत होतं, मी हिला धरलं आणि माझ्या तोंडून ते शब्द खोटे निघाले तर? जो स्वतः सुटलेला नाही तो दुसऱ्याला काय सोडवणार? आणि धरलं नाही, तर ही मुलगी पुन्हा या घराचा उंबरा ओलांडणार नाही, हेही त्याला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी अबूना सिदराक स्वतःच गल्लीत आले. वेरेना त्यांच्याकडं गेली असणार, हे सांगायची गरज नव्हती. अबूना सिदराक पाळक होण्याआधी गुरांचे डॉक्टर होते, अजूनही कुणाची म्हैस अडली की लोक अपरात्री त्यांच्याच दारात उभे राहतात. ते मागाच्या कडेला बसले, चहात साखर घातली, अजून थोडी घातली आणि म्हणाले, "काका, मला ती फीत बघायची आहे."

"बाजारात नेणार का?"

"नाही. मला उत्सुकता आहे. एवढी वर्षं ऐकतोय."

वनीसनं डबा काढला. अबूनांनी फीत तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली, गाठीवर बोट ठेवलं, पण सोडायला गेले नाहीत.  मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो एवढ्या वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि वनीसनं स्वतःलाही विचारला नव्हता.

"काका, गाठ सुटलेली नाही हे दिसतंय. मग ही तुमच्या अंगावरून निघाली कशी?"

वनीसनं वाकून गाठ पाहिली. गाठी मारण्यात हयात गेलेला माणूस. "आईनं डोक्यावरून काढली असेल."

"असेल. नाहीतर कापावी लागली असती, आणि कापलेली नाही. कुणाला माहीत असेल?"

माहीत असेल असं माणूस गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं. वनीसची मावशी मुनीरा, गलीलाची धाकटी बहीण. त्या वेळी ती घरातच होती, दहा-अकरा वर्षांची पोर. पुढं लग्न होऊन ती ओम्दुर्मानला गेली, आमच्या गल्लीची कितीतरी माणसं कापडामागं तिकडं गेली तशी. आता सुदानात लढाई पेटली तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावरची ही बाई एका पिशवीनिशी माघारी आली होती. येऊन कितीतरी महिने झाले होते. वनीस रोज तिला भाकर नेऊन द्यायचा, तब्येत विचारायचा आणि परत यायचा. विचारायची ओढ होती, पण ऐकायची भीती तिच्याहून मोठी होती. आईनं फीत मुद्दाम सोडू दिली नाही असं निघालं तर? आईला आपण नकोच होतो असं निघालं तर?

"चला," अबूना म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

मुनीरा मावशी अंगणात आलं घालून कॉफी उकळत बसली होती, सुदानी पद्धतीची. आमच्या लोकांना ती कॉफी कडू औषधासारखी लागते, पण तिच्यासमोर तसं म्हणायची कुणाची टाप नाही. वनीसनं डब्याचं झाकण काढून तो तिच्यापुढं धरला. मावशीनं डोळे बारीक केले, फीत चिमटीत उचलली आणि चटकन खाली ठेवली.

"अगं बाई. गलीलानं ही ठेवली होय? मला वाटलं नदीत टाकली असेल."

"मावशी, काय झालं होतं त्या वेळी?" वनीसचा आवाज चिरका निघाला.

"व्हायचंय काय? तू हडकुळा होतास." मावशी कॉफी ओतत म्हणाली. "तुझ्या आईला दूध नव्हतं. तू म्हणजे उन्हात वाळवलेली भेंडी. अबूनांनी फीत बांधली ती दुपट्यावरून बांधली, चांगली घट्ट. मग दुपटं ओलं झालं म्हणून तुझ्या आईनं ते खालून ओढून काढलं, की फीत झाली ढगळ. पण सोडायची तर नाही. दोन दिवस तशीच. तिसऱ्या सकाळी आम्ही उठून बघतो तर तू चटईच्या या टोकाला आणि फीत त्या टोकाला. रात्रभर पाय झाडत होतास. निसटली."

"निसटली?"

"निसटली. कुणी सोडली नाही, कुणी कापली नाही. तू आपला अंगठा चोखत पडला होतास, साहेबासारखा. गलीलाला मात्र कापरं भरलं. अबूनांच्या हाताशिवाय निघालीच कशी, आता ते चिडतील, बाळाला काहीबाही होईल. तिनं तुला परत त्यात घालायचा प्रयत्न केला. एक हात घातला की दुसरा निघे. तू रडून रडून निळा झालास. ज्यातनं आपणहून निघालास त्यात तुला काही केल्या घालता येईना." मावशीला हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले. "आठव्या दिवशी अबूना आले तर ती म्हणाली, बाळाला आजोळी धाडलंय. तू आत शेजारणीच्या मांडीवर होतास, मीच तुझ्या तोंडात बोट घालून बसले होते, रडू नये म्हणून. पुन्हा आले, पुन्हा काहीतरी सांगितलं. मग थंडीत म्हातारे अबूनाच वारले. मला म्हणाली, कुणाला सांगशील तर जीभ उपटीन. सख्खी बहीण होती, उपटलीही असती."

वनीस खाली बसला होता. त्यानं डब्यातली फीत उचलली आणि तिच्यात हात घालून बघितला. दंडाच्या वर ती जाईना. एवढ्याशा वेढ्यात तो स्वतःला आयुष्यभर बघत आला होता.

"तू सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. आता त्याला खरोखरच राग आला होता. "माझं अख्खं आयुष्य गेलं यात, मावशी."

"विचारलंस कधी? मी गेले तेव्हा तू वासरासारखा उधळत होतास गल्लीत. मला काय स्वप्न पडलं, की तू ते डोक्यावर घेऊन बसलायस म्हणून?"

"मग ही गाठ?"

"गाठीला काय झालंय? गाठ आहे तिथंच आहे." मावशीनं कॉफीचा कप त्याच्या पुढ्यात सरकवला. "तू नव्हतास आत. पी, गार होतेय."

 अबूना सिदराकांनी ती कडू कॉफी एका दमात संपवली, हेच त्या दिवशीचं त्यांचं मोठं काम. वाटेत मात्र वनीस मधेच थांबला. एखादा धागा सापडला की त्याचं टोक हाती लागेपर्यंत न सोडणारा माणूस तो.

"अबूना, मी हडकुळा होतो म्हणून निसटलो. गुटगुटीत असतो तर?"

"तर देवानं कात्री आणली असती."

"थट्टा नको."

"थट्टा नाही काका." अबूना भिंतीच्या सावलीत उभे राहिले. "ती फीत बेडी नव्हतीच. राजाच्या पोराला पट्टा बांधतात ना, हा आमचा म्हणून, तशी ती. तुम्ही सुटलात ते त्याच्या आधी, पाण्यात. तिथं तुम्ही काय केलं होतंत? रडला असाल. तुमच्या आईनं काय केलं होतं? तीही घाबरलीच असेल. त्यात तुमची कमाई काही नव्हती. आणि जे तुमच्या आईनं कमावलं नव्हतं, ते तिच्या एका चुकीनं जाणार कसं?"

"मग हे उपास? मठ? मेणबत्त्या?"

"ते चांगलंच आहे. पण तुम्ही ते तुरुंगाच्या भिंतीला भोक पाडावं तसं करत होतात. दार उघडं होतं, काका. ज्यानं उघडलं त्याच्याशी दोन शब्द बोलायला ते करायचं असतं."

वनीसनं यावर लगेच मान डोलावली असं नाही. तो थोडा चालला, परत थांबला आणि म्हणाला, "मग त्यानं मला एवढी वर्षं सांगितलं का नाही?"

अबूनांनी डोकं खाजवलं. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. वनीसला ते उत्तर सगळ्यांत जास्त आवडलं, असं तो नंतर सांगायचा. बाकीचं बोलणं पाळकाचं होतं, हे माणसाचं होतं.

घरी आल्यावर तो वेरेनाला काही म्हणाला नाही. रविवारी सकाळी त्यानं आपली इस्त्रीची पायघोळ गलबिया घातली, दाढी केली आणि दाराशी उभा राहून हाक मारली, "चला, उशीर होतोय." वेरेनानं त्याच्या हातांकडं पाहिलं. डबा नव्हता. हात रिकामे होते आणि थोडे पुढं आलेले होते, काहीतरी घ्यायला येतात तसे.

चर्चमध्ये तो खांबापाशी थांबला नाही. चपला काढल्या आणि सरळ पुढं बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत गेला, तेव्हा बायकांच्या बाजूला जी कुजबुज झाली ती अबूनांनाही ऐकू गेली. वेरेनानं मीराला त्याच्या डाव्या हातावर ठेवलं. त्याला धरता येईना. मान कुठं, पाय कुठं, काही कळेना, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला बाळ धरायला शिकवावं लागलं. "कोपर वर, बाबा. तशी. आता नाही पडत." मग तो पश्चिमेकडं वळला आणि अबूना सांगतील तसं म्हणू लागला. मी तुला नाकारतो, सैताना, तुझ्या सगळ्या कामांसकट. सुरुवातीला आवाज अगदी बारीक निघाला. पुढच्या ओळीला तो एवढा मोठा निघाला की मीरा दचकून रडायला लागली आणि मागं कुणीतरी हसलं. वनीस थांबला नाही. ते शब्द मीरासाठी होते, पण त्यातले निम्मे त्यानं स्वतःसाठी वापरले, हे त्याचं त्याला माहीत होतं आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

बाकीचं आमच्या रीतीप्रमाणं झालं. पाणी, तेल, पांढरा झगा, लाल फीत. उपासना संपता संपता अबूनांनी प्रार्थना म्हटली आणि फीत सोडली, घडी करून वेरेनाच्या हातात दिली. वनीसनं त्या फितीकडं नीट पाहिलंही नाही, त्याचं सगळं लक्ष मीराच्या तेलकट केसांकडं होतं. लोक पुढं येऊन गालावर हात लावून गेले. मुनीरा मावशी खुर्चीतून ओरडली की पोर गुटगुटीत आहे, हिची काही निसटली नसती. सगळे हसले, आणि या वेळी वनीसही त्यांत होता.

सगळे बाहेर अंगणात भाकरी वाटायला गेले. वनीस पुढच्याच बाकावर बसून राहिला, कोपर वर करून, जसं शिकवलं होतं तसं. वेरेना आली.

"द्या आता बाबा. हात भरून आले असतील."

"राहू दे थोडा वेळ."

"बाबा, केव्हाचे धरून बसलाय."

"बसू दे गं," वनीस म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "तुझ्या वेळचं राहिलंय."

 वेरेना त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि तिनं आपलं डोकं त्याच्या रिकाम्या खांद्यावर टेकवलं.